पडद्याचा विलंब आणि खेळाडूचा नेम : कन्सोल व्हिडिओ गेममधील आदान-विलंबाचे विवेचन

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी संच हे मुळात पाहण्याचे साधन आहे. कार्यक्रम प्रक्षेपित होतो आणि प्रेक्षक तो पाहतो. प्रेक्षकाने केलेल्या कृतीला संचाने उत्तर द्यावे, अशी अपेक्षा या व्यवहारात नसते. त्यामुळे एखादे चित्र पडद्यावर दशांश सेकंद उशिरा उमटले, तरी कोणाचेही काही बिघडत नाही. परंतु याच संचाला व्हिडिओ गेमचे कन्सोल जोडले की त्याची भूमिका बदलते. खेळाडू हाताने कृती करतो, तिचा परिणाम पडद्यावर पाहतो आणि त्यावरून पुढची कृती ठरवतो. अशा व्यवहारात पडद्याचा दशांश सेकंदाचा उशीर हा थेट खेळाडूच्या नेमाशी निगडित होतो.

खेळाडूने कळ दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जाणाऱ्या काळाला खेळाडूंच्या भाषेत 'इनपुट लॅग' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'आदान-विलंब' ही संज्ञा वापरली आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातही आज महाविद्यालयीन विद्यार्थी कन्सोलवर वा मोबाइलवर खेळतात आणि 'आमच्या टीव्हीवर नेम लागतो, पण मित्राच्या मोठ्या टीव्हीवर लागत नाही' अशी तक्रार त्यांच्याकडून ऐकू येते. ही तक्रार बहुधा हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः तिच्यामागे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी आणि मानसशास्त्र या तिन्ही विद्याशाखांना स्पर्श करणारे एक निश्चित कारण आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) आदान-विलंब कोठे व कसा निर्माण होतो, हे स्पष्ट करणे.
२) विलंबाचा मानवी नेमावर होणारा परिणाम समजावून घेणे.
३) महाविद्यालयाच्या पातळीवर हा विलंब मोजण्याची सोपी पद्धत सुचवणे.
४) स्पर्धा व मूल्यमापन यांतील समान संधीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे.

बदकांची शिकार आणि चित्रनलिका :

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील अनेक घरांनी १९९० च्या दशकात पाहिलेले आहे. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे कन्सोल बाजारात आणले. त्याच धर्तीवरचे, 'सामुराई', 'मीडिया' अशा नावांनी विकले जाणारे संच पुढे भारतात आले. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घरोघर दिसत, तर कित्येक गावांत तासाच्या भाड्याने खेळायला मिळत. त्यांतील काहींसोबत प्लास्टिकची बंदूक येत असे. पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर ती रोखून चाप ओढला की बदक खाली पडे. मूळ 'डक हंट' हा खेळ निन्टेन्डोने १९८४ मध्ये काढला होता.

ही बंदूक पडद्यावर काहीही सोडत नसे, हे अनेकांना आजही ठाऊक नसते. तिच्या नळीत एक भिंग आणि एक प्रकाश-संवेदक असे. चाप ओढताच कन्सोल एका फ्रेमपुरता संपूर्ण पडदा काळा करी आणि लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवी. बंदुकीला आधी काळोख व नंतर उजेड दिसला, तर नेम लागला असे कन्सोल समजे. म्हणजे पडदा बंदुकीवर प्रकाश टाकत असे आणि बंदूक तो फक्त टिपत असे. या योजनेचा सगळा भार एका गृहीतावर होता : कन्सोलने पाठवलेले चित्र पडद्यावर त्याच क्षणी उमटते.

चित्रनलिकेच्या संचाबाबत हे गृहीत खरे होते. भारतात वापरल्या जाणाऱ्या 'पाल' पद्धतीत पडद्यावर सेकंदाला ५० वेळा वरून खाली चित्र रेखाटले जाते. एका वेळेस २० मिलिसेकंद लागतात आणि एक आडवी रेषा ६४ मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. कन्सोलकडून येणारा संकेत जसजसा संचात शिरे, तसतशी इलेक्ट्रॉनची शलाका कमीअधिक तीव्र होई आणि पडद्यावरील फॉस्फरचा थर उजळे. चित्र साठवून ठेवण्याची सोयच संचात नव्हती. त्यामुळे त्याला उशीर करणेही शक्य नव्हते.

असे संच महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर तयार होत. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, परिसरात व्हिडिओकॉन उद्योगाची उभारणी झाली. या समूहाने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसायही विकत घेतला. तथापि याच काळात जगभरातील ग्राहक सपाट पडद्यांकडे वळत होता. पुढे २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घराघरांतून चित्रनलिकेचे संच भंगारात गेले आणि त्यांची जागा एलसीडी व एलईडी पडद्यांनी घेतली.

माळ्यावर जपून ठेवलेली जुनी बंदूक आज या नव्या पडद्यासमोर धरली, तर ती निकामी ठरते. बंदूक, कन्सोल आणि खेळ तिन्ही शाबूत असूनही बदक पडत नाही. कन्सोलला ज्या फ्रेममध्ये उजेड अपेक्षित असतो, त्या वेळी सपाट पडद्यावर अद्याप जुनेच चित्र असते. पांढरा चौकोन उमटतो, परंतु तोपर्यंत कन्सोलने 'नेम चुकला' असा निर्णय दिलेला असतो. शिवाय निन्टेन्डोच्या मूळ बंदुकीत चित्रनलिकेच्या रेषांच्या वारंवारतेचाच, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा हजार वेळा लुकलुकणारा, प्रकाश ओळखणारी गाळणी होती. सपाट पडद्याचा प्रकाश तसा लुकलुकत नाही. माणसाला न जाणवणारा विलंब या बंदुकीने अशा रीतीने उघड केला आहे.

विलंब कोठे निर्माण होतो? :

आदान-विलंब हा एका ठिकाणी होत नाही. तो साखळीच्या प्रत्येक कडीत थोडा थोडा साचतो.

पहिली कडी हातातील नियंत्रकाची. कळ दाबल्याची नोंद नियंत्रक ठरावीक अंतराने घेतो आणि तारेतून किंवा बिनतारी मार्गाने कन्सोलकडे पाठवतो. येथे सामान्यतः काही मिलिसेकंदच जातात.

दुसरी कडी खेळाच्या आज्ञावलीची. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर ३० फ्रेमच्या खेळात ३३.३ मिलिसेकंद. कळीची नोंद एका फ्रेमला वाचली जाते, पुढच्या फ्रेमला हालचालीचे गणित होते, त्यानंतर चित्र रेखाटले जाते आणि मग ते पाठवले जाते. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या खेळात साधारणतः ५० ते ८० आणि दुसऱ्या प्रकारच्या खेळात १०० किंवा त्याहून अधिक मिलिसेकंद केवळ कन्सोलमध्येच खर्च होऊ शकतात.

तिसरी कडी पडद्याची, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हीच आहे. सपाट पडद्याचा संच येणारे चित्र थेट दाखवत नाही, तर आधी ते स्मृतीत साठवतो. चित्राचा आकार पडद्याच्या बिंदुसंख्येशी जुळवणे, रंग सुधारणे, खरखर काढणे, कडा ठळक करणे अशा प्रक्रिया त्यावर होतात. यांतील सर्वांत खर्चिक प्रक्रिया म्हणजे हालचाल गुळगुळीत करणे. दोन फ्रेमच्या मधली एक काल्पनिक फ्रेम तयार करायची, तर पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबणे अपरिहार्य आहे. म्हणजे येथे विलंब हा प्रक्रियेच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. संच कितीही महाग असला, तरी तो टळत नाही. उलट चित्र 'सुधारण्याची' साधने अधिक असलेला महागडा संच खेळासाठी अधिक मंद असू शकतो. अशा सर्व प्रक्रिया चालू असताना पडद्याचा विलंब १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाऊ शकतो. त्या बंद केल्यास तोच संच १० ते २० मिलिसेकंदांत चित्र दाखवू शकतो.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. आंतरजालावरील खेळात 'पिंग' नावाचा आकडा दिसतो. तो नेटवर्कमधील विलंब होय. पडद्याचा विलंब त्यात धरलेला नसतो आणि तो खेळाडूला सहसा कोठेही दाखवला जात नाही. पिंग उत्तम असूनही नेम चुकत असेल, तर खेळाडू स्वाभाविकपणे दोष स्वतःकडे घेतो.

गोफण, रायफल आणि पडदा :

प्रत्येक नेमबाजीत विलंब असतोच. मग पडद्याचा विलंबच एवढा घातक का ठरतो?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ०.१५ सेकंद, म्हणजे १५० मिलिसेकंद घेते. हा काळ अनेक पडद्यांच्या विलंबापेक्षा अधिक आहे. परंतु तेथे लक्ष्य स्थिर असते आणि नेमबाजाला दिसणारे लक्ष्य त्याच क्षणाचे असते. नेम धरण्याच्या क्रियेत विलंब नाही. तो नेम धरून झाल्यानंतरचा आहे.

ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराचे लक्ष्य मात्र उडते असते. धोंडा हवेतून जाण्यास लागणारा वेळ तो डोळ्यांनी पाहतो आणि पाखरांच्या थव्याच्या थोडे पुढे फेकतो. हा विलंब दृश्य आहे, म्हणून शिकता येतो.

पडद्याचा विलंब या दोहोंपेक्षा वेगळा आहे. तो फेकलेल्या वस्तूच्या प्रवासात नसून नेम धरणाऱ्याला मिळणाऱ्या माहितीतच आहे. खेळाडूला दिसणारे लक्ष्य आणि त्याचे स्वतःचे नेमचिन्ह ही दोन्ही जुनी असतात, आणि ती किती जुनी आहेत हे पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते.

नेमावरील परिणाम :

एक साधे गणित पाहू. कन्सोलच्या नियंत्रकावरील दांडी अंगठ्याने कलवली की नेमचिन्ह ठरावीक वेगाने सरकू लागते. समजा, हा वेग सेकंदाला १२० अंश आहे आणि पडद्यावर एकूण ८० अंशांचे दृश्य मावते. नेमचिन्ह लक्ष्यावर आलेले दिसताच खेळाडूने दांडी सोडली. मनुष्याचा प्रतिक्रिया काल क्षणभर बाजूला ठेवला, तरी एकूण विलंब १०० मिलिसेकंद असल्यास नेमचिन्ह लक्ष्याच्या १२ अंश पुढे जाऊन थांबेल. हे अंतर पडद्याच्या रुंदीच्या सुमारे सातव्या भागाइतके आहे. विलंब २० मिलिसेकंद असेल, तर हीच चूक २.४ अंशांची होईल. आता खेळाडू नेमचिन्ह मागे आणतो, ते पुन्हा लक्ष्य ओलांडते, पुन्हा पुढे नेतो. नेम डोलू लागतो तो असा. नियंत्रण-अभियांत्रिकीत प्रत्याभरणाला उशीर झाला की प्रणाली दोलायमान होते, या तत्त्वाचेच हे उदाहरण होय.

नेमचिन्ह स्थिर ठेवून, लक्ष्य त्याखाली येण्याची वाट पाहणारा खेळाडूही यातून सुटत नाही. लक्ष्य सेकंदाला १० अंश वेगाने सरकत असेल, तर १०० मिलिसेकंदांत ते एक अंश पुढे गेलेले असते. पडद्यावर लक्ष्याची रुंदीच एक अंश असेल, तर अचूक वेळी दाबलेली कळही त्याच्या मागच्या रिकाम्या जागेवर लागते.

या संदर्भात मानसशास्त्रातील संशोधन मार्गदर्शक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये असे दाखवले की, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्यावर पोहोचण्यास अधिक वेळ लागतो, आणि हा वेळ एका लॉगरिथमी सूत्राने सांगता येतो. कॅनडातील स्कॉट मॅकेन्झी व कॉलिन वेअर यांनी १९९३ मध्ये या सूत्रात विलंबाची भर घातली. त्यांच्या प्रयोगात ८.३ मिलिसेकंदांच्या तुलनेत २२५ मिलिसेकंद विलंब असताना लक्ष्यावर पोहोचण्याचा काळ ६४ टक्क्यांनी आणि चुकांचे प्रमाण २१४ टक्क्यांनी वाढले. याहून महत्त्वाचा त्यांचा निष्कर्ष असा की, विलंबाचा परिणाम लक्ष्याच्या काठिण्याशी केवळ बेरजेच्या नव्हे, तर गुणाकाराच्या नात्याने जोडलेला आहे. लहान लक्ष्यावर नेम धरताना हाताला अनेक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक दुरुस्तीला विलंबाची किंमत पुन्हा मोजावी लागते. मोठ्या लक्ष्यावर न जाणवणारा पडदा लहान लक्ष्यावर एकाएकी वाईट का वाटतो, याचे उत्तर येथे मिळते.

मानवी सवय आणि तिची मर्यादा :

'इतक्या लहान काळाची सवय होऊन जाते', असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. डग्लस कनिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दृश्य उशिरा मिळत असतानाही सरावाने माणसे कृती सुधारू शकतात असे आढळले. खेळाडू दांडी थोडी आधी सोडायला शिकतो, ती हीच सवय.

परंतु या सवयीला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे विलंब स्थिर असला पाहिजे. तो कधी ६० तर कधी १२० मिलिसेकंद होत असेल, तर शिकण्यासारखे काही उरत नाही. दुसरी मर्यादा अशी की, सवय त्या विशिष्ट पडद्याची असते. पडदा बदलला की तीच सवय चूक बनते. स्वतःच्या संचावर उत्तम खेळणारा विद्यार्थी परक्या संचावर पहिले काही सामने हरतो, यात त्याच्या कौशल्याचा दोष नसतो.

विलंब कसा मोजावा? :

विलंब मोजण्यासाठी स्वतंत्र उपकरणे मिळतात. तथापि पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकासाठी सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मोबाइल पुरेसा आहे. अशा चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची असते. नियंत्रकावरील बोट आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल स्थिर ठेवावा. कळ दाबावी आणि नंतर चित्रण एकेक फ्रेम पुढे नेऊन, कळ पूर्ण दाबली गेल्यापासून पडद्यावर पहिला बदल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. समजा, ३० फ्रेम आल्या, तर विलंब १२५ मिलिसेकंद. असे किमान वीस वेळा करून सरासरी व विचलन काढावे.

ही संख्या साखळीतील सर्व कड्यांची बेरीज असते. केवळ पडद्याचा वाटा जाणण्यासाठी तेच कन्सोल, तोच नियंत्रक आणि तोच खेळ दुसऱ्या संचावर लावून पुन्हा मोजावे. बाकी सर्व कड्या समान असल्याने दोन सरासरींमधील फरक हा दोन पडद्यांमधील फरक ठरतो. त्याच संचावर 'गेम मोड' चालू व बंद ठेवून केलेले मापन विद्यार्थ्यांना विशेष उद्बोधक वाटेल. मापनातील अनिश्चितता, सरासरी, विचलन आणि चलांचे नियंत्रण या संकल्पना शिकवण्यासाठी याहून त्यांच्या आवडीचा प्रयोग क्वचितच मिळेल.

उपाययोजनांचा विचार करता, पहिला उपाय संचाच्या मांडणीतच असतो. 'गेम मोड' निवडणे आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करणे यांसाठी काहीही खर्च येत नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ या मानकात, कन्सोलने सांगताच संचाने आपोआप कमी विलंबाच्या अवस्थेत जाण्याची सोय आहे. मात्र कन्सोल व संच दोन्ही तिला अनुकूल असावे लागतात. जुन्या संचाच्या मालकाला ही निवड हातानेच करावी लागते.

समान संधीचा प्रश्न :

खगोलशास्त्राच्या इतिहासात एक प्रसिद्ध घटना आहे. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ मध्ये आपला साहाय्यक डेव्हिड किनेब्रूक यास कामावरून दूर केले. कारण ताऱ्यांच्या संक्रमणाची त्याची नोंद मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिरा पडत असे. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी अशा नोंदींचा अभ्यास करून दाखवले की, निष्णात निरीक्षकांमध्येही असा फरक असतोच. साहाय्यकाचा निष्काळजीपणा मानला गेलेला तो फरक मापनाच्या पद्धतीचाच भाग होता. तोपर्यंत एका माणसाची नोकरी मात्र गेलेली होती.

आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर आहे. ई-स्पोर्ट्सचा समावेश हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाच्या प्रकारांत झाला. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा प्रकारांत स्थान दिले, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैशाच्या खेळांवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत अशा स्पर्धा भरवल्या जात असतील, तर एका बाजूला १५ मिलिसेकंदांचा आणि दुसऱ्या बाजूला १०० मिलिसेकंदांचा पडदा ठेवून घेतलेला सामना हा दोन लांबींच्या मार्गांवर घेतलेल्या धावण्याच्या शर्यतीसारखाच ठरतो. धावण्याचा मार्ग आपण फितीने मोजून घेतो. पडदाही मोजून घ्यावयास हवा. समान संच उपलब्ध नसतील, तर किमान सामन्यांच्या मध्यात खेळाडूंनी जागा बदलाव्यात, एवढा नियम तरी करता येईल.

हा विचार खेळापुरता मर्यादित नाही. आभासी प्रयोगशाळा, वाहनचालनाचे सदृशीकरण, संगणकावरील प्रतिक्रिया-काल चाचण्या या सर्व ठिकाणी पडदा हा मापनयंत्राचाच भाग असतो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वेगवेगळ्या पडद्यांवर मोजलेल्या प्रतिक्रिया कालांची तुलना करणे म्हणजे पडद्यांमधील फरक माणसांच्या नावावर लिहिणे होय.

समारोप :

आदान-विलंब हा नियंत्रक, खेळाची आज्ञावली आणि पडदा यांच्या साखळीत साचतो. चित्रनलिकेच्या काळात पडद्याचा वाटा नगण्य होता. सपाट पडद्याने चित्र साठवून सुधारण्यास आरंभ केला आणि हा वाटा वाढला. स्थिर व मोठ्या लक्ष्यावर त्याचा परिणाम थोडा, तर लहान व चालत्या लक्ष्यावर फार होतो. सवयीने तो काही अंशी भरून निघतो, परंतु ती सवय पडद्यासोबत बदलत नाही. सुदैवाने हा विलंब मोजता येतो आणि बऱ्याच अंशी विनाखर्च कमीही करता येतो.

अध्यापक या नात्याने आपल्यासमोर येणारा विद्यार्थी बहुतेक वेळा कोणत्या ना कोणत्या साधनामार्फत आपले कौशल्य दाखवत असतो. त्या साधनाचा दोष आणि विद्यार्थ्याची उणीव यांत फरक करणे हे अध्यापकाचे काम आहे. त्याची सुरुवात साधन तपासण्यापासून व्हावी, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.